पाटीवरची चूक

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. पोळा आणि तान्हा पोळा होऊन चार-सहा दिवस झाले होते. सातवीचे भाषाशिक्षक रजेवर असल्यामुळे त्या वर्गाच्या निबंधाच्या वह्या तपासण्याचे काम मुख्याध्यापक ह्या नात्याने माझ्याकडे आले. विषय नेहमीचाच होता : ‘हमारा गाँव’. एकतीस वह्यांचा गठ्ठा मी घरी आणला आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर तांबडी शाई घेऊन बसलो.

पहिल्या पाच-सहा वह्या पाहून मी चकित झालो. शुद्धलेखन निर्दोष, वाक्यरचना सफाईदार, परिच्छेद नेमके. पण वाचता वाचता ध्यानात आले की ह्या सगळ्यांचे गाव एकच आहे, आणि ते आमचे नाही. त्या गावाभोवती हिरव्या डोंगरांची रांग होती, खळखळ वाहणारा झरा होता, आणि पहाटे मंदिराच्या घंटानादाने तिथले भोळेभाबडे ग्रामस्थ जागे होत होते. आमच्या शिवारात दृष्टी पोहोचेल तिथवर धानाच्या बांध्या आहेत. झरा नाही, चंदन नदी आहे, आणि उन्हाळ्यात तिचीही वाळूच अधिक दिसते. अशा नऊ वह्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा एका मुलाने निरागसपणे सांगितले, ‘‘सर, मोबाइल को बोला, उसने लिख दिया.’’

त्या गठ्ठ्याच्या तळाशी एका मुलीची वही होती. अक्षर वेडेवाकडे, खाडाखोड पुष्कळ. तिने लिहिले होते : ‘पोळे के दिन बैल की घंटी का आवाज आता है. मेरी आजी तान्हे पोळे को लकड़ी का बैल सजाती है.’

हिंदीच्या शिक्षकाने इथे काय करावे हे ठरलेले आहे. हिंदीच्या लेखनात ‘ळ’ नाही, म्हणून ‘पोला’ हवे. ‘आवाज’ हा शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहे, म्हणून घंटीची आवाज ‘आती है’. ‘आजी’ला तर तिथे थाराच नाही. दोन ओळींत इतक्या चुका! पण माझी लेखणी त्या ओळींवर थबकली. एकतीस वह्यांमध्ये रामपायलीच्या परिसरातले गाव मला ह्या एकाच वहीत भेटले होते, आणि ते भेटले होते ते ह्या चुकांमधूनच. त्या चुका म्हणजे त्या मुलीच्या घराचा पत्ता होता.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हा पत्ता कोणत्या ना कोणत्या रूपात असेल. कोणाची मुले कानडीत ‘चुकतात’, कोणाची तेलुगूत, कोणाची गुजरातीत. आमची हिंदीत चुकतात. भोसल्यांच्या काळापासून नागपूरशी जोडलेला हा मुलूख. इथले राममंदिर आणि कार्तिक पौर्णिमेची जत्रा त्या जुन्या नात्याची साक्ष देतात. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सीमारेषा नकाशावर उमटली. घरातली बोली होती तिथेच राहिली. शाळा मात्र हिंदी झाली. मूल सकाळी मराठीत न्याहारी करते, शाळेत हिंदीत पाढे म्हणते आणि संध्याकाळी पुन्हा मराठीत रागावून घेते. ह्या दोन भाषांमधला उंबरठा ओलांडताना जी ठेच लागते, तिलाच आम्ही शिक्षक ‘अशुद्ध’ म्हणतो.

ती ठेच मीही खाल्ली आहे. सत्तरीचे दशक सरत आले होते, मी दुसरीत होतो. आमचे गुरुजी नर्मदेकडचे, घरचे हिंदी बोलणारे. त्यांनी श्रुतलेखन घातले : फल, जल, काला, नीला. मी पाटीवर लिहिले : फळ, जळ, काळा, निळा. चारही शब्द चुकले! शेजारच्या मुलाने ते वाचून दाखवले आणि वर्ग हसला. गुरुजी जवळ आले. ओले फडके हातात होते. आता पाटी पुसली जाणार आणि मागोमाग पाठीवर काही तरी पडणार, अशा तयारीने मी खांदे आवळून बसलो. गुरुजींनी पाटी उचलली, क्षणभर पाहिली आणि विचारले, ‘‘घर में ऐसे ही बोलते हो?’’ मी मान हलवली. त्यांनी फडके खाली ठेवले. माझ्या प्रत्येक शब्दाखाली आपल्या वळणदार अक्षरात हिंदी शब्द लिहिला आणि म्हणाले, ‘‘दोनों याद रखना. एक घर का, एक शाला का.’’

त्या दिवशी बाहीचा स्पर्श होऊ नये म्हणून मी ती पाटी छातीपासून दूर धरून घरी नेली. आईला अक्षरओळख नव्हती. तरी तिने ती पाटी दोन दिवस पुसू दिली नाही. पुढे बाहेरून परीक्षा देऊन मी मराठीत एम. ए. झालो, त्याचे मूळ कुठे असेल असे कोणी विचारले तर मला ती पाटी आठवते.

अलीकडे शिक्षणातील तंत्रज्ञानासंबंधी पुष्कळ बोलले जाते. प्रशिक्षणवर्गांत, बैठकांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. कोणी म्हणतात मोबाइलने पिढी बुडवली. कोणी म्हणतात आता शिक्षकाची गरजच उरली नाही. तीस वर्षे खडूच्या धुळीत काढल्यावर मला ह्या दोन्ही मतांचा कंटाळा येतो. कारण पाटी हेही एके काळचे तंत्रज्ञानच होते. तिच्या आधी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवायचे. मग दगडी पाटी आली. दसऱ्याला तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आपण तिची पूजा करू लागलो. म्हणजे यंत्राला आपण नाकारत नाही, सवडीने देव्हाऱ्यातही बसवतो. माझ्या मते नव्या साधनाला विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे : ह्या साधनात मुलाची चूक कुठे जाते?

धूळपाटीवर आणि दगडी पाटीवर चूक उमटत असे, शिक्षकाला दिसत असे आणि मग पुसली जात असे. तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या. उमटली नाही तर शिकवायचे काय, दिसली नाही तर शिकवणार कोण, आणि पुसली गेली नाही तर मूल भीतीने दुसऱ्यांदा लिहिणारच नाही. दोन-चार आण्यांच्या त्या दगडात ही सारी सोय होती.

ह्या मापाने पाहू लागले की मागील पन्नास-साठ वर्षांतली साधने निराळीच दिसू लागतात. रेडिओ घ्या. १९४८ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने आमच्यासारख्या घरांना प्रमाण मराठी ऐकवली, हे ऋण फार मोठे आहे. परंतु रेडिओ बोलतो, ऐकत नाही. दूरचित्रवाणीचेही तेच. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एका वर्षात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत ‘साइट’ नावाचा दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. त्यात तेव्हाच्या मध्यप्रदेशातील रायपूरकडची गावे होती. ज्या गावांत वीजही नीट पोहोचली नव्हती तिथे सार्वजनिक संच बसले, आणि सकाळच्या वेळी मुलांसाठी पाठ दाखवले गेले. जगभर त्याचे कौतुक झाले. पण पडद्यावरच्या शिक्षकाला समोरच्या मुलाची पाटी दिसत नव्हती. वर्ष संपले, उपग्रह परत गेला.

ह्याच्या उलट एक साधे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ ह्या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग आरंभिला. १९७८ मध्ये तो सर्व जिल्ह्यात पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला. मुलांनी स्वस्त साहित्य हाताळून प्रयोग करावेत, जे दिसले ते लिहावे, आणि परीक्षेतही पुस्तक उघडून विचार करावा, अशी ती पद्धत होती. तिच्यात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांना जो प्रश्न पडेल तो त्यांनी पत्राने सवालीरामला विचारायचा, आणि सवालीराम उत्तर धाडायचा. पोस्टकार्डाएवढे साधे साधन! पण मुलाचे अज्ञान त्याच्या स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या अक्षरात पलीकडे पोहोचत असे, आणि पलीकडे ते वाचणारा माणूस असे. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. सवालीरामचे नाव निघाले की जुन्या शिक्षकांचे चेहरे आजही उजळतात.

संगणकाबद्दल मी फारसे लिहीत नाही. ज्या एका शाळेत मी काही वर्षे होतो तिथे तो आला, त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल आला, आणि धूळ लागू नये म्हणून त्याच्या खोलीला कुलूप आले. विजेचा भरवसा नव्हता आणि बिघडले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न होता. त्यात मीही कुलपाच्याच बाजूचा होतो, हे कबूल केले पाहिजे.

मग २०२० साल उजाडले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जे साधन आम्ही दारात जप्त करीत होतो, त्याच्याच पाया पडण्याची वेळ आली. एप्रिलपासून आकाशवाणीवर ‘रेडियो स्कूल’ सुरू झाले, शिक्षक-पालकांचे व्हॉट्सअॅपचे गट झाले, आणि ६ जुलैपासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना आली. सकाळी दहा वाजता घरातल्या कोणी तरी थाळी वाजवायची, की घरातली शाळा भरली असे समजायचे. थाळीचा तो आवाज गल्लीगल्लीतून ऐकू येई तेव्हा हसू येई आणि गहिवरूनही येई.

त्या दिवसांत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहावयास घेतला.

सातवीत एक मुलगा होता. वडील हातमागावर बसणारे. टाळेबंदीत माग थंड पडलेला. मुलगा अबोल, पण गणितात चांगला. घरात एकच फोन, तोही थोरल्या भावाचा. एके दिवशी दुपारी त्याचा फोन आला. रेंज अर्धवट. तो ओरडून विचारीत होता, ‘‘सर, मेरा आवाज आ रहा है क्या? मेरा आवाज आ रहा है?’’ आणि मी, तीस वर्षांची सवय, उत्तर देण्याआधी म्हणालो, ‘‘बेटा, मेरा आवाज नहीं, मेरी आवाज आ रही है.’’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग फोन तुटला. रेंज गेली की त्यानेच ठेवला, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्याला काय विचारायचे होते, तेही कळले नाही.

पुढे गटात गृहपाठाची छायाचित्रे येऊ लागली. त्याच्या नावाने आलेली उदाहरणे आणि शेजारच्या मुलाची उदाहरणे तंतोतंत सारखी, अक्षरही एकच. उत्तरे सगळी बरोबर. मी त्या गटात, सर्व पालकांसमक्ष, नाव घेऊन लिहिले की नक्कल करणाऱ्यांनी स्वतःला फसवू नये. त्यानंतर त्याच्याकडून काहीही आले नाही. एक आठवडा गेला, तीन गेले.

योजनेप्रमाणे आम्ही शिक्षक वस्त्यांमधून फिरत होतो. श्रावणाच्या अखेरीस मी त्याच्या घरी पोहोचलो. मुलगा बांधीवर गेला होता. त्याच्या आईने ओटीवर घोंगडी टाकली आणि पाणी आणायला ती आत गेली. माझी नजर भिंतीकडे वळली. पांढऱ्या मातीने सारवलेल्या त्या भिंतीवर, मुलाच्या छातीच्या उंचीपासून हात पुरेल तिथवर, कोळशाने गणिते मांडलेली होती. अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा. कुठे हातचा विसरला होता, तिथे रेघ मारून पुन्हा मांडले होते. एक उदाहरण तीन वेळा चुकले होते आणि चौथ्यांदा जमले होते. वही संपली होती. दुकाने बंद होती. तो भिंतीवर सोडवी, शेजारचा मुलगा येऊन ते स्वच्छ वहीत उतरवून घेई आणि आपल्या घरच्या फोनवरून दोघांच्याही नावाने धाडी. नक्कल झाली होती हे खरे, पण मी समजलो होतो त्याच्या नेमकी उलटी.

फोनच्या पडद्यावर मला फक्त उत्तरे दिसली होती. भिंतीवर त्याच्या चुका होत्या, आणि त्याचे सारे कष्ट त्या चुकांमध्ये होते. पाणी घेऊन त्याची आई आली तेव्हा मला ते घोटवेना. ‘‘भित खराब केली जी त्यानं,’’ ती संकोचून म्हणाली. मी म्हणालो, ‘‘बाई, ही भिंत सारवू नका, मी पुन्हा येतो.’’ चार वह्या घेऊन मी चौथ्या दिवशी गेलो. भिंत सारवलेली होती. पोळा आला होता ना! सणाला घर सारवायला नको काय?

गटात मी चूक कबूल केली. पण सर्वांसमोर लागलेला डाग सर्वांसमोर पुसला जातोच असे नाही. ते काम ओल्या फडक्याइतके सोपे नसते. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्ग भरू लागले तेव्हा तो आठवीत होता. अकरा दिवस आला. मग मामाकडे नागपूरला गेला, असे कळले.

पुढील काळात ‘असर’चे अहवाल वाचताना मला ती भिंत दिसे. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. फोन घरोघरी पोहोचले. त्याच काळात दुसरीचे पुस्तक वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. हे आकडे पाहून फोनला दोष देणे सोपे आहे. खरा दोष बंद शाळांचा होता. पण एवढे तरी त्यांतून दिसते की साधन घरात आले म्हणजे वाचन घरात आले असे होत नाही, आणि शाळा उघडली, मूल पुन्हा कोणाच्या तरी डोळ्यांसमोर बसले, की घसरलेली गाडी चढू लागते.

नव्या साधनांनी दिलेले दान मी नाकारीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडची जोड देऊन कविता, चित्रफिती, गोष्टी मुलांपर्यंत पोहोचवल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दहा लक्ष डॉलरांच्या त्या रकमेतला अर्धा वाटा अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील घरांना तर ह्या साधनांनी जे दिले त्याची तुलना नाही. एम. ए.च्या अभ्यासासाठी एखादा ग्रंथ पाहायचा तर मी बालाघाटहून छोट्या गाडीने गोंदिया गाठत असे आणि तिथून नागपूर. एक पुस्तक आणि दोन दिवस. आज मोल्सवर्थचा कोश माझ्या खिशात आहे, वाईला घडलेला मराठी विश्वकोश खिशात आहे, आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. शाळेत मराठी नसलेल्या आमच्या मुलांच्या हाती सीमेपलीकडचे मराठी पुस्तक असे सहज येईल, हे माझ्या त्या गुरुजींना स्वप्नातही खरे वाटले नसते.

म्हणून माझी तक्रार साधनाशी नाही. ह्या सर्व साधनांच्या मालिकेत आता जे नवे आले आहे, विचारले की बोलणारे आणि सांगितले की निबंध लिहून देणारे, त्याच्यापाशी मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. रेडिओला मुलाची चूक ऐकू येत नव्हती. ह्याला ती ऐकू येते आणि ते ती मुकाट्याने दुरुस्त करून टाकते. मूल ‘मेरा आवाज’ म्हणते, पडद्यावर ‘मेरी आवाज’ उमटते. चूक झाली हे मुलाला कळत नाही, शिक्षकाला कळत नाही, आईबापांना कळत नाही. पाटीवरची चूक दिसल्यानंतर पुसली जात असे. ही उमटण्याआधीच पुसली जाते. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत त्या चुकीबरोबर घरातला ‘ळ’ही पुसला जातो, आजी पुसली जाते, तान्हा पोळा पुसला जातो. शिल्लक राहते ते डोंगराच्या कुशीतले गाव, जिथे कोणीच राहत नाही.

ह्यावर मला जमलेला उपाय अगदी घरगुती आहे. आमच्या शाळेत आता पहिला मसुदा हाताने, वर्गात, माझ्या किंवा वर्गशिक्षकांच्या देखत लिहायचा. त्यात खाडाखोड असली तरी गुण कापायचे नाहीत. मग हवे तर मोबाइलला दाखवायचे, आणि त्याने कोणते शब्द बदलले ते शोधून प्रत्येक बदलापुढे लिहायचे : का बदलला असेल? मुलांना हा खेळ आवडतो. परवा एका मुलाने मोठ्या विजयाने सांगितले की यंत्राने त्याची ‘बांधी’ काढून ‘खेत’ केले. ‘‘पर सर, खेत तो गेहूँ का भी होता है!’’ हे ज्याला सुचले त्याला भाषा शिकवण्याचे माझे काम अर्धे झाले.

आपल्या घरीही एवढे करता येईल. नातवंडांनी आजोबांना मराठीत चार ओळी लिहाव्यात, हाताने लिहाव्यात, आणि चुकीच्या लिहाव्यात. आजोबांनी त्या लगेच सुधारू नयेत. आधी उत्तर द्यावे.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिक पौर्णिमेला जत्रेत एक उंच मुलगा समोर येऊन वाकला. मी ओळखले नाही. खांद्यावर वायरचे भेंडोळे, हातात मोबाइल. जत्रेतल्या एका मंडपाची वीजजोडणी तो करीत होता. भिंतीवरचा मुलगा! नागपुरात वायरिंगचे काम शिकला. जे उस्तादाने सांगितले नाही ते रात्री मोबाइलवर पाहून शिकला, असे म्हणाला. दहावीची परीक्षा बाहेरून देणार आहे. बोलत होता ते मराठीत. मला काय बोलावे सुचेना, म्हणून विचारले, ‘‘तिकडे भाषेची अडचण नाही ना आली?’’

तो हसला. ‘‘नाही जी सर. तिकडं सारे ‘माझा आवाज’च म्हणतात.’’

त्याला सारे आठवत होते. रागाचा लवलेश त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, पण विसरलाही नव्हता. मंडपात दिवे लागले आणि त्याला हाक आली. ‘‘फोन करत जा,’’ मी म्हटले. ‘‘करतो जी,’’ म्हणून तो गर्दीत शिरला.

भाद्रपदातल्या त्या रात्री वह्यांचा गठ्ठा संपत आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्या मुलीच्या वहीतला ‘पोळा’ मी खोडला नाही. त्याच्या खाली, जमेल तितक्या वळणदार अक्षरात, ‘पोला’ लिहिले. ‘आवाज आता है’च्या खाली ‘आवाज आती है’ लिहिले. ‘आजी’च्या खाली ‘दादी’. आणि समासात लिहिले, ‘‘दोनों याद रखना.’’

दुसऱ्या दिवशी वही परत घेताना तिने ते वाचले आणि विचारले, ‘‘सर, मग चूक आहे का बरोबर आहे?’’

वर्गात ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली होती.